पाला कडू लागला म्हणून

१७ जुलै १९७४, बुधवार
सोमवारी इथे लिहिलं की सखूबाईंना आमच्याकडे आणायला उशीर झाला. ते खोटं आहे. खोडत नाही, खाली खरं लिहिते. रविवारी दुपारी शेतात पायाला साप चावला, अर्ध्या तासात त्यांचा नवरा बैलगाडीतून घेऊन आला. गावात साप चावलेल्यांना आप्पाच बघतात, पण ते श्रीपूरला गेलेले. मीच त्यांच्या पद्धतीनं कडुलिंबाचा पाला चावायला दिला. "कडूजहर हाय की गं!" म्हणाल्या. कडू लागला म्हणजे विष चढलं नाही. अक्षरओळखीच्या आधी आप्पांनी घरी शिकवलेलं हे. परत पाठवलं. संध्याकाळी हिरड्यांतून रक्त. आता सोलापूरला मोठ्या दवाखान्यात.
नवरा म्हणाला होता, "आखूड हुतं, अंगाला अंग घासून खरखर करीत हुतं." म्हणजे फुरसं, विषारीच. ऐकलं, आणि तरी.

१८, गुरुवार
प्रयोगशाळेत सरांना विचारलं. "ओळखीच्या एक बाई" एवढंच म्हटलं. त्यांनी विषांतले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या, जूनमधल्या कागदी पट्ट्या काढल्या. नागाच्या विषाचे डाग एका जागी, फुरशाचे भलतीकडेच. "विष ही एक वस्तू नव्हे, बाई. किराणा दुकान आहे, आणि प्रत्येक जनावराचं दुकान वेगळं." नागाचं नसांवर जातं, पापण्या मिटतात, श्वास अडतो. फुरशाचं रक्त गोठू देत नाही. जिभेला त्यातलं काय कळणार?
त्या पट्ट्या मीच रंगवल्या होत्या. नावं माझ्याच अक्षरात.

२०, शनिवार
दवाखान्यात गेले. सापाच्या विषावरची लस दुसऱ्यांदा दिली. रक्त थांबलं, पण लघवी होत नाही. नवरा पायरीवर बसलेला. "ताई, म्याच बैल जुपाय येळ लावला. गावात समदी तेच म्हनत्यात." ते गावात माझ्याच तोंडून गेलं. केळी हातात दिली आणि निघाले.

२१, रविवार, घरी
आप्पांना पाल्याचं सांगितलं. "आजवर किती माणसं पाला चावून चालत घरी गेली!" म्हटलं, त्यांना बिनविषारी चावलं असेल. "मग आता तुझ्या पट्ट्या चावायला द्यायच्या का गं?" आई हसली. सर म्हणाले ते सांगितलं: काचेच्या नळीत थोडं रक्त, वीस मिनिटं न हलवता. गोठलं नाही तर लगेच दवाखाना. आप्पा उठून गोठ्यात गेले.
पुढच्या रविवारी ते गावासमोर साप चावलेल्यांना बघायचं काम माझ्या हाती देणार. "शिकलेली हाय, आता तीच बघंल." हे अजून ठरलेलंच आहे.

२४, बुधवार
सखूबाई तशाच. बोलले तर आप्पांचं नाव जाईल. लोक कदाचित दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे जातील. नाही बोलले तर पुढच्या माणसाला पुन्हा पालाच. आणि तो नवरा जन्मभर स्वतःलाच दोष देत राहील.

२६, शुक्रवार
लघवी थोडी झाली. नर्स "थोडीच" म्हणाली. मनात आलं, बऱ्या झाल्या तर सांगायची गरज काय? हेही लिहून ठेवते.
नाही, सांगायचंच. रविवार, २८ जुलै. सकाळी नऊ, मारुतीच्या देवळासमोर, आप्पा बोलायला उठायच्या आत. नवऱ्याला उद्या दवाखान्यात निरोप देते, त्यानं यावं. पहिलं वाक्य त्यालाच: तुम्ही वेळेवर आला होता.