क्वचित

सोमवार, ३

एकाहत्तराव्या वर्षी पुन्हा नोकरीवर रुजू झालो! चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवली. आता औषधांच्या कारखान्यात, पत्रक विभागात. गोळ्यांच्या खोक्यात तो घड्या घातलेला कागद असतो ना, जो उघडता येतो पण पुन्हा मिटता येत नाही, त्याची भाषा सुधारायची. विभागप्रमुख डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आमची वाक्यं म्हणजे नुसती दगडफोड, तुम्ही जरा पाणी शिंपडा, मास्तर. मजकूर मांडणाऱ्याला सगळे ‘चिमटा’ म्हणतात. अक्षरं चिमटीत धरून बारीक करतो म्हणून.

खिडकीबाहेर झाडावर खार दिसली आणि मी तिसरीतल्या वर्गात जाऊन बसलो.

खारू लपवी दाणा दाणा,
कुठे लपविला आठवेना;
विसरला तो रुजून आला,
झाड झाले, ओळखेना!

ह्याच कवितेवरून मी लेकीला खारू म्हणतो. पन्नाशीला आली तरी फोनवर तेच नाव.

आमची ही गेल्यावर तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. ह्याच कारखान्याच्या पांढऱ्या गोळीने मला उठवलं, अजून रोज घेतो. त्यामुळे इथे काम करताना देणं फेडल्यासारखं वाटतं.

गुरुवार, ६

आज नेमकं माझ्याच गोळीचं पत्रक टेबलावर आलं. ‘दहातल्या एका रुग्णाला नेहमीचे शब्द व माणसांची नावे आठवेनाशी होतात.’ दहातल्या एका, दहातल्या एका, पानभर तेच! बाजारात आंबट लिंबं निवडल्यासारखं. लाल पेनाने खोडलं आणि लिहिलं, ‘क्वचित नेहमीचे शब्द, नावे निसटतात.’ काय शब्द आहे! पाकोळी बसावी आणि उडून जावी, तसा.

बाईंनी दोनदा वाचलं, हसल्या. म्हणाल्या, हे आम्हाला सात जन्मांत सुचलं नसतं. माझी सही घेतली. अर्ध्या ओळीची जागा वाचली म्हणून चिमटा खूश.

मंगळवार, ११

खारूशी फोनवर तासभर भांडलो. ती रेडिओवर बातम्या वाचते. घटस्फोटानंतर झोप उडालीय तिची. तिच्या डॉक्टरांनी हीच गोळी लिहून दिलीय आणि खोकं तसंच पडलंय. म्हणे, ह्या कंपन्या आधी दुखणं विकतात, मग गोळी. मी म्हणालो, शहाणे, मला भिंतीपासून कुणी सोडवलं? कवितांनी नाही. नवं पत्रक पाठवतो, वाच.

शेवटी हसली. म्हणाली, कंपनीच्या शब्दावर माझा काडीचा भरवसा नाही, पण तुमच्या शब्दावर आहे, बाबा. सोमवारी, चोवीसला सुरू करते.

सोमवार, १७

आज गंमत झाली. फळ्यावर लिहायची ती पांढरी कांडी, तिचं नाव आठवेना. चाळीस वर्षं जिची भुकटी खाल्ली तिचं! दुपारी जेवताना आठवलं. खडू.

कवितेची तिसरी ओळ मात्र अजून येत नाही.

बुधवार, १९

पेन कागदात रुतवून लिहितोय. रागाने.

जुनी पत्रकं शोधताना चिमट्याने कपाट उघडलं. आत रुग्णांची पत्रं, गठ्ठेच्या गठ्ठे. एका आचाऱ्याला मिठाचं नाव आठवत नाही. एक आई स्वतःच्या मुलाला ‘ए’ म्हणून हाक मारते. चिमटा भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाला, मास्तर, तुम्हाला माहीत नव्हतं? ह्या धंद्यात ‘क्वचित’ हे माप आहे. हजारात एक. त्याहून जास्त असेल तर तो शब्द चालतच नाही.

माप! आणि मी त्याची पाकोळी केली.

बाईंकडे धावलो. त्या शांत. म्हणाल्या, खरं लिहिलं तर लोक घाबरतात, गोळी फेकून देतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. तुम्हाला मी सांगायला हवं? खरं होतं ते. म्हणून तर जास्त भडकलो! खऱ्याचा बुरखा करून खोटं हिंडवायचं? गोळी उठवते हेही लिहा, काय हिरावते हेही लिहा, माणूस ठरवेल ना त्याचं तो! माझी चूक तुम्हाला त्याच दिवशी दिसली होती आणि तुम्ही हसलात!

म्हणाल्या, छपाई झाली. आणि सही तुमची आहे, मास्तर.

टेबलावर मूठ आपटली. पेनं खाली सांडली. कुणी उचलली नाहीत.

शुक्रवार, २१

माझ्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळी एकदम तोडू नका, हळूहळू कमी करू. हळूहळू! मला वेळ कुठे आहे?

लेकीला फोन लावला. वाक्य तयार होतं. घेऊ नकोस. डॉक्टरला आधी विचार. दहातल्या एकाला. तिने उचलला आणि माझ्या तोंडून निघालं, ते — ते नको — ते पांढरं —

ती म्हणाली, पांढरं पाकीट ना? मिळालं, बाबा. वाचून डोळे भरून आले. गोळीच्या कागदावर इतकं सुंदर कुणी लिहितं का?

शनिवार, २२

उपाय सापडला. बोलायचं नाही, वाचायचं. लाल पेनाने कागदावर लिहिलंय. फोन लावून नुसतं वाचून दाखवायचं, मुलं धडा वाचतात तसं.

फोनमध्ये नावं आहेत. लेकीचं नाव शोधतोय. सकाळपासून शोधतोय.

एक ‘खारू’ आहे. हे कसलं नाव?

रविवार, २३

वही पहिल्यापासून वाचली. अक्षर माझं आहे. पहिल्या पानावर कविता आहे, कुणाची तरी. बरी आहे.

बाईंचा विसर पडत नाही. हसल्या होत्या. राग तेवढा जागच्या जागी आहे — त्याला धरून — धरून बसलोय —

सोमवार, २४. सकाळ.

फोन वाजला. कानाशी आहे. दुसऱ्या हाताने लिहितोय म्हणजे सुटणार नाही —

बाई आहे कुणी. बाबा म्हणते. गळा ओळखीचा. रोज बातम्या —

कोण बोलतंय, विचारलं. पुन्हा बाबा म्हणाली. मग हसली. म्हणाली, असं होतं क्वचित. तुम्हीच लिहिलंय ना?

खोकं फाडल्याचा, पाणी ओतल्याचा आवाज. पेल्यात.

लाल अक्षरांचा कागद समोर आहे. वाचायचंय. वाच, म्हाताऱ्या, वाच —

दहातल्या — दहा —