अक्का, तुमच्या खुर्चीवर मी बसलो तेव्हा

ती. अक्कांना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अशासाठी, की तुम्ही सध्या दिवसभर पालथ्या पडून असता असं कळलं. तेव्हा नमस्कार एकाच पातळीवरून झालेला बरा.) डोळा कसा आहे? पडद्याचं ऑपरेशन झालं की आत म्हणे हवेचा बुडबुडा सोडतात आणि तो विरेपर्यंत विमानात पाऊल ठेवायचं नाही. केवढासा तो बुडबुडा, पण त्यानं तुम्हाला तिकडे लेकीच्या घरी डांबून ठेवलं आणि मला इकडे तुमच्या खुर्चीवर आणून बसवलं. हे पत्र लेकच वाचून दाखवणार, म्हणून अक्षर जपून काढतोय. बाळे, कुठे अडलीस तर तो शब्द सोडून पुढे जा. मीही आयुष्यात तेच करत आलोय.

फोनवर तुम्ही रोज विचारायचात, 'कसे आहेत?' आणि मी रोज सांगायचो, 'छान.' हा 'छान' फार गुणी शब्द आहे, त्याच्याखाली काहीही झाकता येतं. आता झाकण काढायला हरकत नाही म्हणून सविस्तर लिहितो. तुमचा जीव टांगणीला लागू नये म्हणून शेवट आधीच सांगून टाकतो: तुमचे यजमान, आमचे भाऊसाहेब बरे आहेत, साध्या वॉर्डात आहेत, आणि परवाच त्यांनी मला मूर्ख म्हटलं.

आतड्याला पीळ पडलाय असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तुमची बहीण पटकन बोलून गेली, 'स्वभावातलाच खाली उतरला असेल.' (मग तीच जिन्यात बसून रडली, हेही लिहायला हवं.) ऑपरेशन झकास झालं. पण दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन भाऊसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अतिदक्षता विभाग हा मोजणीचा तळ आहे असं जाहीर केलं. चाळीसएक वर्षं जमिनी मोजलेला माणूस, त्याला पडदे म्हणजे तंबू वाटले. सलाइनची नळी धरून ते नर्सबाईंना म्हणाले, 'साखळीचं ते टोक धर, ढिली सोडू नकोस.' शेजारच्या खाटेनं आमच्या हद्दीत हातभर अतिक्रमण केलंय असं त्यांचं म्हणणं होतं. (मी पावलानं मोजून पाहिलं. केलं होतं.) मोठ्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसांना असा भ्रम होतो, बहुतेकांचा तो उतरतो, असं डॉक्टर म्हणाले. त्यातल्या 'बहुतेकांचा' या शब्दावर माझी गाडी अडली ती अडलीच.

त्याच दिवशी आमच्या आयुष्यात संशोधनवाल्या डॉक्टर आल्या. तुम्ही त्यांच्याशी फोनवर बोललात, होकारही तुम्हीच दिलात, पण त्यांना पाहिलं नाहीत. वयानं आपल्या पोरीएवढी, पायात पळायचे बूट, केसांत पेन खोचलेलं, आणि ते पेन कायम हरवलेलं. त्यांचं म्हणणं असं, की औषधपाणी सगळ्यांना सारखंच द्यायचं, पण निम्म्या पेशंटांजवळ घरच्या एका माणसानं सकाळ-संध्याकाळ येऊन बसायचं. चष्मा लावायचा, कानातलं यंत्र घालायचं, आज कुठला वार, आपण कुठे आहोत ते सांगायचं, घरच्या गोष्टी बोलायच्या. वाद घालायचा नाही आणि खोटं बोलायचं नाही. उरलेल्या निम्म्यांना नेहमीसारखी भेटायची वेळ तेवढी. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार. मग भ्रम कोणाचा आधी उतरतो ते पाहायचं.

मी विचारलं, 'म्हणजे यानं गुण येतो?'

'माहीत नाही.'

'मग करता कशाला?'

'माहीत नाही म्हणूनच.'

अक्का, माझा जन्म बसस्थानकावर कर्ण्यातून बोलण्यात गेला. गाडी कधी येईल हे मलाही पुष्कळदा माहीत नसायचं, पण 'माहीत नाही' हे दोन शब्द मी कधी उच्चारले नाहीत. 'थोड्याच वेळात' म्हणायचो. लोक त्या 'थोड्याच वेळात'वर तासन्‌तास बसायचे, आणि मला वाटायचं आपण त्यांना धीर दिला. ही मुलगी एवढं शिकून तोंडावर 'माहीत नाही' म्हणाली आणि का कोण जाणे, मला त्या दिवसात पहिल्यांदा धीर आला.

कॉम्प्युटरनं आम्हाला बोलणाऱ्यांत टाकलं. तुमच्या बहिणीला खोकला, म्हणून तिला आत बंदी. राहिलो मी. म्हणजे ज्या माणसाशी भाऊसाहेब गेली कित्येक वर्षं 'हं' आणि 'बसा' यापलीकडे बोललेले नाहीत, त्यानंच त्यांच्याशी घरगुती गप्पा मारायच्या. (साडू हे नातंच असं आहे. दोघांनी एकाच घरातून बायको आणलेली, त्यामुळे एकमेकांची अंडीपिल्ली ठाऊक, आणि म्हणून बोलायला विषय नाही.)

पहिल्या दिवशी मी घसा साफ केला आणि सवयीनं म्हणालो, 'आज मंगळवार. आपण इस्पितळात आहात.' आवाज लागला तो जुनाच. पलीकडच्या तीन खाटांवरचे पेशंट दचकले आणि बाहेर बाकावरच्या एका बाईंनी पिशवी उचलली. नर्सबाई म्हणाल्या, 'काका, एकालाच सांगायचंय.' भाऊसाहेबांनी मात्र माझ्याकडे टक लावून पाहिलं. मी टोपी, मास्क आणि निळा झगा घातलेला, मिशी झाकलेली, उघडे फक्त डोळे. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, 'आलीस? जेवलीस का?'

अक्का, त्यांनी मला तुम्ही समजलं होतं.

नियमाप्रमाणे मी सांगितलं, 'मी अक्का नाही, तुमचा साडू.' ते म्हणाले, 'थट्टा पुरे.' माझा हात त्यांनी जो धरला तो नर्सबाई औषध घेऊन येईपर्यंत सोडला नाही. रोज हेच. मी सांगायचं, त्यांनी हसण्यावारी न्यायचं. तुमच्याशी ते इतक्या हळुवारपणे बोलतात हे मला नवीन होतं. (तुम्हालाही असलं तर क्षमस्व.) माझ्या घोगऱ्या आवाजाबद्दल ते काळजी करत, वाफ घ्यायला सांगत. एकदा म्हणाले, 'तुझ्या बहिणीचा नवरा येऊन गेला का? बोलतो फार, पण हाक मारली की येतो.' हे मी तुम्हाला केवळ संशोधनाच्या दृष्टीनं कळवतोय.

शेजारच्या खाटेवर, म्हणजे अतिक्रमणवाल्या, एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्याही भ्रमात, पण त्यांच्या नावाची चिठ्ठी दुसऱ्या गटात निघाली होती. त्यांचा मुलगा सुतार. भेटायची वेळ संपली की तो काचेबाहेर उभा राहून आईकडे बघत राहायचा. आत मी तुमचं रूप घेऊन गप्पा छाटतोय आणि बाहेर पोटचा पोरगा काचेला नाक लावून. माझ्यानं ते बघवेना. मी डॉक्टरांना गाठलं आणि म्हटलं, 'माझी जागा त्याला द्या. माझ्या गप्पांनी तसाही कुणाला गुण येत नाही.'

त्या पेन शोधायच्या थांबल्या. म्हणाल्या, 'काका, दया येईल तिकडे खुर्ची सरकवली, तर शेवटी मला एवढंच कळेल की कोणाची दया आली. गुण कशानं आला ते कळणार नाही.'

'पण त्या बाई आज इथे आहेत.'

'हो. आणि जे पुढच्या वर्षी येतील ते आज इथे नाहीत, म्हणून त्यांच्या बाजूनं कोणी बोलत नाही.' मग म्हणाल्या, 'मी त्या काचेपुढून मान खाली घालून जाते. तुम्हाला वाटलं असेल मी घाईत असते.'

मला पटलं असं म्हणत नाही. खोटं वाटलं असंही म्हणत नाही. त्या दिवशी मी बाहेर येऊन त्या सुताराशेजारी बसलो. इस्पितळाचं बाक कुठल्या लाकडाचं आहे आणि का डुगडुगतंय हे त्यानं मला बराच वेळ समजावून सांगितलं.

आणि मग, अक्का, ज्या दिवसांत मी फोनवर सर्वांत जास्त वेळा 'छान' म्हणालो, ते दिवस आले. भाऊसाहेब गप्प झाले. ताप चढला होता. मोजणी नाही, साखळी नाही, 'जेवलीस का' नाही. डोळे उघडे, पण आत कोणी नाही असे. मला वाटलं, चला, शांत झाले. डॉक्टर म्हणाल्या, असं गप्प होणं आरडाओरड्यापेक्षा वाईट. तरी मी जाऊन बसायचो. वार सांगायचो, गाव सांगायचो, तुमच्या बुडबुड्याची हकिकत सांगायचो. सगळ्या बोलण्याचं उत्तर म्हणजे त्या यंत्राची टिकटिक. कर्ण्यासमोर बोलताना निदान समोरून कोणीतरी धावताना तरी दिसतं. इथे मी बोलत होतो आणि माझंच बोलणं मला ऐकू येत होतं, आणि ते काही फारसं ऐकण्यासारखं नव्हतं. एका संध्याकाळी सांगण्यासारखं सगळं संपलं, तेव्हा मी जुन्या गाड्यांचे मार्ग म्हणत बसलो, एकेक थांबा घेत. निदान त्यात खोटं काही नव्हतं.

ताप उतरला. डॉक्टर रोज त्यांना तेच साधे प्रश्न विचारायच्या, समुद्रात मासे असतात का, हातोडीनं खिळा ठोकतात का, असे. त्यांची उत्तरं येत नव्हती. परवा सकाळी त्यांनी विचारलं, 'दगड पाण्यावर तरंगतो का?'

भाऊसाहेब म्हणाले, 'कुठला दगड?'

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पेन नेमकं त्या दिवशी सापडलं होतं आणि ते चूक अशी खूण करायच्या बेतात होतं.

'साधा दगड, काका.'

'साधा म्हणजे काय? ज्वालामुखीतला सच्छिद्र असतो, तो तरंगतो. प्रश्न नीट विचारावा.' मग माझ्याकडे वळून, 'आणि हा मूर्ख रडतोय कशाला?'

मी ओरडलो, 'आले! हेच ते! हे असेच आहेत!' (तीन खाटा पुन्हा दचकल्या.) डॉक्टर हसल्या, बाकीचे सगळे प्रश्न त्यांनी रीतसर विचारले, आणि त्यांची उत्तरं भाऊसाहेबांनी रागारागानं बरोबर दिली. तेव्हापासून ते मला 'बसा' म्हणतात, 'हं' म्हणतात. आपल्याला भ्रम झालाच नव्हता, तो मला झाला होता, असं त्यांचं ठाम मत आहे. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, आणि देव करो, जाऊ नये.

तुमचा डोळा जपा. लेकीला, जावयांना आशीर्वाद. तुमची बहीण खोकला गेल्यावर स्वतंत्र लिहील, आणि माझं सगळं खोडून काढील.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. शेजारच्या बाई भाऊसाहेबांच्या आधी शुद्धीवर आल्या. गप्पागिप्पा काही नाही, नुसत्या भेटायच्या वेळेवर. मी डॉक्टरांना म्हटलं, म्हणजे मी फुकटच बोललो? त्या म्हणाल्या, 'दोन माणसांवरून काही कळत नाही. खूप माणसं व्हावी लागतात. आणि कदाचित हो.'

आणखी एक ता. क. बाळे, इथे वाचायची थांब. हा कागद घडी घालून आईच्या उशीखाली ठेव. बुडबुडा विरला की ती स्वतः वाचेल.

अक्का, त्या गप्प दिवसांत ते एकदाच बोलले होते. मी तुम्हीच आहे असं समजून म्हणाले, 'वेधशाळेतल्या नोकरीचं पत्र आलं होतं तुला. तू विचारलंस आणि मी म्हणालो, तू बघ. जा म्हणायला हवं होतं. अजून राग आहे?' लग्नाआधीची गोष्ट की नंतरची, मला ठाऊक नाही. आमच्या घरी कोणालाच ठाऊक नाही. मी तोंड उघडलं ते 'मी अक्का नाही' म्हणायला. पण त्यांचे डोळे त्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यावर ठरले होते. मी म्हणालो, 'नाही, राग नाही.' त्यांनी डोळे मिटले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं, की एकदा खोटं बोललोय. त्यांनी ते नोंदवलं, काय बोललो ते विचारलं नाही. त्या वेळी मला खोटं वाटलं होतं. नंतर लक्षात आलं, की ते खोटं होतं की खरं, हे मला माहीतच नाही.

भाऊसाहेबांना यातलं काही आठवत नाही. मी आडून आडून विचारून पाहिलं, तर म्हणाले, 'वेधशाळेचं तुम्हाला काय करायचंय?' तेव्हा एकच विनंती. मी दिलेलं उत्तर माझं होतं, ते टाकून द्या. पण प्रश्न त्यांचा होता, तो ठेवून घ्या. तुमचं जे काय उत्तर असेल ते, चांगलं असो की वाईट, मला कळवू नका. इकडे आलात की त्यांना सांगा. ते चिडून विचारतील, 'कुठल्या प्रश्नाचं?' मग त्यांनी काय विचारलं होतं, ते तुम्ही त्यांना सांगा.