तुझ्या नावावर टाकलेला अबोला

माय, मी तुझ्याबद्दल एक खोटं बोललो आहे, आणि ते आता माझ्या घरात खरं होऊन बसलं आहे.

बारा वर्षांचा असताना मी बहिणीला ढकललं, तिच्या कपाळाला खोक पडली, आणि मी म्हणालो, ती आपोआप पडली. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. ताट वाढायचीस, पण बघायची नाहीस. तिसऱ्या सकाळी ब्रह्मपुरीच्या घरात तू चुलीपुढे तांदूळ निवडते आहेस, मी दारात उभा आहे, आणि तू एकदम म्हणतेस, "चुकलं माह्यं. लेकराशी अबोला धरू नाई. राग आला त भांडजो, पण बोलत राहजो." आई मुलापुढे चूक कबूल करते, हे मी त्याआधी कुठे पाहिलं नव्हतं.

माझ्या बायकोनं तुला पाहिलेलं नाही. लग्नाच्या कितीतरी आधी तू गेलीस. आम्ही कोरपन्याला राहतो, मी सिमेंट कारखान्यात आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिनं मला न विचारता अहेरीच्या शाळेत नोकरीचा अर्ज केला. एवढंच. मी अकरा दिवस तिच्याशी बोललो नाही. तिला ताप आला, तर गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि ड्यूटीला गेलो. ती माहेरी निघून गेली. आणायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "जावईबापू, पोरीशी काऊन बोलत नाई तुमी?"

तिला घाबरवायचं होतं, हे खरं उत्तर. मी मान खाली घालून म्हणालो, "आमच्या मायची सवय होती तशी. आठ-आठ दिवस बोले नाई. मी तेच शिकलो."

बायकोचे डोळे भरून आले. त्याच दिवशी ती माझ्यासोबत निघाली. जीपमध्ये माझा हात धरून म्हणाली, "लहानपणी किती सोसलं असन तुमी." मी हात सोडवला नाही. अहेरीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही, मीही नाही.

आता आमची पोर सात वर्षांची आहे. परवा ती रुसून बसली, तर बायको म्हणाली, "आजीवर गेली. हे आत्ताच मोडाले पायजे." पोरीनं मला विचारलं, "बाबा, आजी वाईट होती का?"

मी म्हणालो, "जा, हात धू. जेवाले बस."

बायको आत्ता आत पोळ्या लाटते आहे, चार पावलांवर. तिला सांगायचं ते मी तुला लिहीत बसलो आहे. तू उलटून काही विचारणार नाहीस, म्हणून.