आवाजाशिवाय चालत नाही

४ नोव्हेंबर, सकाळ
लोणी भापकरच्या पेरू संकलन केंद्रातला जुना कॉम्प्युटर घरी आला. सारखा हँग होतो. शेतकऱ्यांच्या गटानं नवा घेतलाय, तोही इथंच आणलाय; त्यात लिनक्स आहे. वजनकाट्याचा प्रोग्रॅम ह्यांनी विंडोजवर लिहिला होता. हे जाऊन दोन वर्षं झाली, आता तो लिनक्सवर मी बसवणार. ह्यांच्याच पुस्तकांवरून शिकलेय. दोन दिवसांचं काम. गटाची सचिव वृषाली, तिला तसं सांगून टाकलं.

दुपार
मुख्य प्रोग्रॅम झालासुद्धा. काट्याऐवजी आकडा टाईप केला की वजन येतं, पावती निघते. राहिलं आवाजाचं मॉड्यूल. वजन झालं की ह्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज बोलतो, "बावीस किलो, पुढचा क्रेट." मॉड्यूल म्हणजे वेगळी फाईल. प्रोग्रॅम चालू झाला की तिला आत घेतो. नसली तरी त्याचं काही अडत नाही.
वृषालीचा फोन. आवाजाशिवाय प्रोग्रॅम चालतच नाही, असं सांगितलं. थोडक्यात समजवायचं तर असंच सांगावं लागतं.

६ नोव्हेंबर
मॉड्यूलच्या फाईलच्या नावाचं शेपूट विंडोजवर .dll, लिनक्सवर .so. नुसतं नाव बदलून पाहिलं. लग्नात माझंही तेवढंच बदललं होतं. लिनक्सनं ओळखच दाखवली नाही. नव्यानं कंपाइल करणं आलं. चूक लिनक्सची.

९ नोव्हेंबर
कंपाइल झालं, पण फाईल सापडेना. विंडोज शेजारी ठेवलेली आपणहून उचलतं. लिनक्सला पूर्ण पत्ता लागतो.
काट्यावरच्या कुंडलिक आबांचा फोन. "वैनी, हितं हातानं लिव्हतोय. डोळ्याला दिसंना, तीनाचा सहा व्हतोय." वाईट वाटलं. उद्या देतेच.

१२ नोव्हेंबर
दिलं नाही. अर्धवट काम देऊ नये, असं हे म्हणायचे. मॉड्यूल वेगळं ठेवलं की बाकीचं अडकत नाही, असंही म्हणायचे. ते आठवायचं नाही असं ठरवलंय.

१५ नोव्हेंबर
गटातल्या म्हाळसाबाईंचा क्रेट तेविसाचा सव्वीस लिहिला गेला. इंदापूरच्या व्यापाऱ्यानं चारचौघांत त्यांना चोर म्हटलं. वृषाली सांगत होती. मी म्हटलं, लिनक्स फार चिवट. जेवण गेलं नाही. आवाज होईपर्यंत चहा बंद.
संध्याकाळी घेतला. डोकं चालायला पाहिजे.

१८ नोव्हेंबर
बोललं! लिनक्सवर ह्यांचा आवाज! नवा कॉम्प्युटर घेऊन लगेच बारामतीहून एसटीनं केंद्रावर. आबांनी क्रेट ठेवला. "एकवीस किलो, पुढचा क्रेट." सगळे गप्प. आनंदानं, असं मला वाटलं.
पाणी पिऊन येते तर आबा स्पीकरची वायर काढत होते. दचकले. "राग नका धरू, वैनी. सर गेल्यापास्नं बंदच ठिवतो. काळजात चर्र व्हतं. तुमी येनार आसला की तेवढा लावतो."
मी मॉड्यूलची फाईल काढून घेतली. आबांनी पुढचा क्रेट ठेवला. पावती निघाली.
वृषालीनं पावतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हाळसाबाई म्हणाल्या, "आन् मग आमी थांबलो कशापायी गं?"
एसटीची वेळ झाली, असं सांगून निघाले. एसटीला अजून बराच वेळ होता.

१९ नोव्हेंबर
म्हाळसाबाईंना उद्या फोन करीन.
जुना कॉम्प्युटर न्यायला कोणी आलं नाही. मीही आठवण केली नाही. टेस्टिंग म्हणून एकदा चालवला. काटा जोडलेला नाही.
"शून्य किलो," हे म्हणाले. "पुढचा क्रेट."