चौकटीत आवळलेली बंदूक

आज शनिवार, १६ जुलै २०१६. सकाळचे सात वाजून वीस मिनिटे झाली आहेत. मी 'लोस मोयेस' या शिकारवाडीच्या बंदूकखान्यात टेबलाशी बसलो आहे. समोर नवी अर्धस्वयंचलित शॉटगन ठेवली आहे, तोंड भिंतीकडे, बोल्ट उघडा. तिच्या नळीतून मी आत्ता तिसऱ्यांदा उजेड पाहिला. नळी मोकळी आहे.

मी, एव्हारिस्तो अन्सेल्मो लुदुएन्या, वय चोवीस, राहणार व्हिया देल तोतोराल, धंदा बंदुकांची निगा, माझ्या पश्चात काय कोणाला जावे ते माझ्या हाताने लिहून ठेवतो. दारू प्यालेलो नाही, अंगात ताप नाही, कोणी धमकावलेले नाही. 'डोके ठिकाणावर आहे' हे शब्द लिहिण्याआधी मात्र थोडा थांबलो, कारण एका गोष्टीचा मला काही केल्या उलगडा होत नाही. ती खाली येईल.

माझे माध्यमिक शाळेचे तिसरे वर्ष अर्धे राहिले. तेव्हा वाक्य कुठे वाकडे गेले तर अर्थ सरळ धरावा. कोर्टाच्या कारकुनाला विचारले होते. तो म्हणाला, "चोवीस वर्षांचा आहेस. घरी जा, आईच्या हातचा माते चहा पी, आणि पन्नाशीनंतर ये." मग दया येऊन म्हणाला की स्वतःच्या हाताने लिहून तारीख आणि सही केली की पुरते, साक्षीदार लागत नाहीत. मी तरी दोन घेणार आहे. इथे सगळे मला नोटरी म्हणतात ते उगाच नाही.

हे आजच लिहिण्याचे कारण असे की दहा वाजता मला ही बंदूक मालकांसमोर खांद्याला लावून पन्नास वेळा उडवायची आहे, आणि ही बंदूक भरवशाची नाही असे मीच सही करून लिहून दिले आहे.

कलम एक. मागच्या खोलीतील पलंग, लोखंडी कपाट आणि रेडिओ आई नील्दाला. कपाटाची किल्ली दुसऱ्या प्रयत्नात लागते, जोर करू नये.

कलम दोन. माझी हत्यारे: सात पेचकस, नळी साफ करण्याचे तीन गज, काडतुसे तोलण्याचा तराजू. ही झेनोन काबानियास यांना. ते चाळीस वर्षे पाहुण्यांच्या शेजारी उभे राहून बंदुका भरतात. पाहुण्याने उडत्या होल्यांवरची नजर काढू नये आणि बंदूक रिकामी राहू नये, हे त्यांचे काम. वाचता येत नसले तरी त्यांची बोटे सगळे वाचतात. तराजू त्यांना कशाला, असे कोणी विचारेल. तो मला दुसऱ्या कोणाला द्यावासा वाटत नाही.

कलम तीन. बाबांची दुनळी बंदूक. हिच्या डाव्या नळीला पुढे फाट आहे, ती कोणीही कधीही उडवू नये. कमजोर काडतूस उडाले, आतली गुडदी, म्हणजे छर्ऱ्यांमागचा बोळा, नळीतच अडकली, बाबांना कळले नाही, त्यांनी दुसरे भरले. नळी फुटली आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. त्यानंतर मरेपर्यंत अकरा वर्षे ते तीन बोटांनी मातेचा पेला धरत आणि म्हणत, "पुरतात." मला मात्र तेव्हापासून प्रत्येक बंदुकीचा आवाज मोजायची सवय लागली. आवाज जरा बसका आला की मी थांबतो.

ही दुनळी रीतीने थोरल्या भावाला, म्हणजे लिसांद्रोला जायला हवी. ती त्याला देऊ नये. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम चार. मालक इतालो पेइरानो यांना पुढच्या मोसमासाठी बारा बंदुका घ्यायच्या आहेत. आमच्या जुन्या बंदुका बारुदीच्या धुराच्या जोरावर चालतात. होल्यांच्या दिवसात एक पाहुणा हजार-हजार काडतुसे उडवतो, आणि संध्याकाळी त्या बंदुका आतून चुलीसारख्या काळ्या होतात. ही नवी धक्क्यावर चालते. धूर आत जातच नाही. नमुन्याला एक आणली. लिसांद्रो इथे पाहुण्यांना शिकारीला नेत असे; त्याने ती तीन आठवडे ज्वारीच्या रानात आणि हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर वापरली आणि सांगितले, "मालक, डोळे मिटून घ्या. हलकी आहे, साफ राहते, तबकडीवर तर आपोआप वळते."

मालकांनी मला लेखी तपासणी करायला सांगितली. माणसाच्या हातावर माझा विश्वास नसतो, माझ्या स्वतःच्या तर नाहीच. म्हणून मी केब्राचोच्या लाकडाची चौकट केली, जमिनीत पुरलेल्या खांबाला ती ठोकली, बंदूक तीत बांधली आणि भिंतीआडून दोरीने चाप ओढला. काडतुसे तबकड्यांचीच, हलकी, चोवीस ग्रॅमची, प्रत्येक तोललेले.

पहिला दिवस: पन्नासांपैकी नऊ वेळा रिकामी पुंगळी बाहेर पडली नाही. मला वाटले चौकट हलते आहे. बोल्ट आवळले.

दुसरा दिवस: पन्नासांपैकी एकतीस. दस्त्यामागे लोखंडी पट्टी घातली, पुन्हा आवळले.

तिसरा दिवस: पन्नासांपैकी पन्नास.

दर वेळी नळीत गज घालून पाहिला. गुडदी कधीच सापडली नाही. मी लिहून दिले की बंदूक दिवसागणिक बिघडते आहे, घेऊ नये. आणि ज्याने ती तीन आठवडे वापरली त्याला हे कळलेच नसेल असे मानणे कठीण आहे. हे दुसरे वाक्य मी चार वेळा लिहून पाहिले आणि मग ठेवले. मालकांनी त्याचा जो अर्थ होतो तोच घेतला, की विकणाऱ्याने लिसांद्रोला काही दिले आहे. सोमवार, २७ जूनला त्यांनी त्याला कामावरून काढले.

लिसांद्रो मला एवढेच म्हणाला, "तू ती एकदा तरी खांद्याला लावलीस का रे?"

मी म्हणालो, "खांदा मोजता येत नाही."

तो त्याच दिवशी घरातून बिछाना उचलून स्वयंपाकीण देल्फिनाबाईंच्या मागच्या खोलीत राहायला गेला. तेव्हापासून बोललेला नाही.

म्हणून असे ठरवतो: लिसांद्रोने विकणाऱ्याकडून काय घेतले हे आईसमोर सांगेपर्यंत त्याला दुनळी मिळू नये.

आता उलगडा न होणारी गोष्ट. काल दुपारी एक पाहुणी बाई तबकड्यांना जाताना हीच बंदूक चुकून उचलून घेऊन गेली. मला कळले तेव्हा धावत गेलो. तोवर तिने दोन डबे संपवले होते. मी गवतातून पुंगळ्या गोळा केल्या. पन्नास. एकही अडकली नव्हती. बाई म्हणाली, "फार गोड बंदूक आहे." मालक तिथेच होते. म्हणाले, "नोटरी, तुझ्या चौकटीवर माझा विश्वास आहे आणि बाईच्या पन्नास पुंगळ्यांवरही. दोन्ही खरं कसं असेल? उद्या दहाला विकणारा कोर्दोबाहून ती परत न्यायला येतोय. त्याच्यासमोर तू खांद्याला लावून उडव, मग काय ते लिही."

रात्रभर मी वही चाळली. वजने बरोबर आहेत. बेरजा बरोबर आहेत. बंदूक बाईच्या हातात चांगली आणि माझ्याकडे वाईट असेल, तर ती केव्हा कशी वागेल याचा नियमच नाही, आणि ज्याला नियम नाही ते गालाशी धरायची मला भीती वाटते. म्हणून हा कागद.

इथवर लिहीपर्यंत पावणेनऊ झाले. झेनोनकाका आणि देल्फिनाबाई साक्षीला आले. पुढे जे झाले ते याच कागदावर लिहितो, कारण त्याने वरचे बदलते.

झेनोनकाका खुर्चीत बसून म्हणाले, "अंगठा देतो, पण आधी वाचून दाखव. न ऐकता अंगठा दिला म्हणून माझ्या सासऱ्याची गाय गेली होती."

देल्फिनाबाई म्हणाल्या, "वाच बाबा. मेलेल्या माणसाचं जिवंतपणी ऐकायला कधी मिळायचं?"

मी वाचले. तराजूपाशी काका हसले. लिसांद्रोपाशी देल्फिनाबाईंनी तोंड फिरवले. तिसऱ्या दिवसापाशी काकांनी हात वर केला.

"थांब. पट्टी कुठे घातलीस?"

"दस्त्याच्या मागे."

"मग बंदूक मागे कुठे जायची?"

"कुठेच नाही. केसभरसुद्धा नाही," मी म्हणालो. मला त्याचा अभिमान होता.

काकांनी टेबलावरच्या बंदुकीच्या दस्त्यावर बोट ठेवले. "पोरा, ही धक्क्यावर चालते असं तूच लिहिलंस ना? अरे, धक्का बसल्यावर ती मागे सरकते, तेव्हा तिच्या पोटातलं यंत्र हलतं. लिसांद्रोकडे ही होती तेव्हा एक जाडा पाहुणा ही घेऊन मोयेच्या झाडाला पाठ टेकून बसला होता, खांदा खोडात रुतलेला. दोनदा अडकली. मी म्हटलं, साहेब, जरा पुढे सरका. सरकला, लागली चालायला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुणाला?"

देल्फिनाबाई म्हणाल्या, "विचारतो कशाला? त्याच्याकडे तराजू आहे."

मला पटले नाही. पटले नाही असे मी म्हणालोही. बंदूक जितकी पक्की धरावी तितकी तपासणी खरी, नाहीतर मग खरी कशी? काका वाद घालत बसले नाहीत. उठून चौकटीकडे गेले, पाना मागितला, बोल्ट सैल केले, लोखंडी पट्टी काढली आणि तिच्या जागी खोगिरावरचे मेंढीचे कातडे दुमडून घातले. मी तीच चोवीस ग्रॅमची काडतुसे आणली, त्याच डब्यातली. भिंतीआडून दोरी ओढली. पंचवीस उडाली. पंचवीस पुंगळ्या गवतात पडल्या. मी त्या दोनदा मोजल्या. मग पट्टी पुन्हा लावली, बोल्ट आवळले आणि एक उडवले. पुंगळी आतच राहिली.

म्हणजे बंदूक बिघडत गेली नव्हती. पहिल्या दिवशी थोडी, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी पुरती मीच ती आवळली होती आणि त्याचा हिशेब लिसांद्रोच्या नावावर लिहिला होता. हे कळले. पण इतकी काळजी घेऊन माणूस इतका चुकतो कसा, ते अजून कळलेले नाही.

वरील कलम चार आणि तीनचा शेवट मी रद्द करतो. शाईने खोडत नाही. काय लिहिले होते ते वाचता आले पाहिजे.

कलम पाच, वरच्याच्या जागी. बाबांची दुनळी लिसांद्रोला, बिनशर्त, मी जगलो तरी आजच. दहा वाजता उडवण्याआधी मी मालकांना आणि विकणाऱ्याला हे पान मोठ्याने वाचून दाखवीन: बंदूक होल्यांना आणि तबकड्यांना दोन्हीला चांगली आहे, हलक्या काडतुसांवर चालते, फक्त मागे सरकायला जागा हवी, आणि लिसांद्रो लुदुएन्या खरे बोलला होता. त्याला कामावर परत घेणे मालकांच्या हातात आहे. माझी जागा मोकळी करून तशी सोय होत असेल तर माझी हरकत नाही.

मी देल्फिनाबाईंना विचारले की हे लिसांद्रोला सांगाल का. त्यांचे घर कुंपणापलीकडेच आहे. त्या म्हणाल्या, "तुला पाय आहेत ना?" मी तोंड उघडायच्या आत त्याच गेल्या, आणि दहा मिनिटांनी परत आल्या.

"सगळं सांगितलं. माझ्या अंगणात लाकडं फोडतोय. थांबला नाही."

"काही म्हणाला?"

"म्हणाला, नोटरीला सांगा, खांदा सैल ठेव. आणि डावा हात नळीवर फार पुढे नको, बाबांसारखा."

"अजून काही?"

"नाही. लाकडं फोडत राहिला."

आता नऊ वाजून पन्नास मिनिटे झाली. फाटकाशी गाडी वाजली, विकणारा आला असावा. वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले, वाचून दाखवले आणि मान्य केले.

एव्हारिस्तो अन्सेल्मो लुदुएन्या (सही)

साक्षीदार: झेनोन काबानियास (उजव्या हाताचा अंगठा)
साक्षीदार: देल्फिना किन्तेरोस (सही)

लोस मोयेस, व्हिया देल तोतोरालजवळ, १६ जुलै २०१६

खर्च: चौकटीत काडतुसे एकशे पन्नास, मेंढीच्या कातड्यावर पंचवीस, पुन्हा पट्टीवर एक. एकूण एकशे शहात्तर. माझ्या पगारातून कापावीत.

देणे: लिसांद्रो लुदुएन्या यास एकोणीस दिवसांची मजुरी. त्या दिवसांत पाहुण्यांनी त्याला किती बक्षिसी दिली असती, ते मला मोजता येत नाही.