डुकरीण क्र. १४ च्या नजरेसमोरून मला हटवण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
प्राणी विभाग, शल्य संशोधन केंद्र.

विषय : डुकरीण क्र. १४ जवळ बसून राहण्याची माझी नेमणूक रद्द करणेबाबत.
संदर्भ : १) निरीक्षण वहीतील माझी दि. ९ ची नोंद. २) आपला दि. २७ चा आदेश.

महोदय,

मी आपल्या विभागात अकरा वर्षे परिचर आहे. डुकरांचे खाणेपिणे, खोली धुणे आणि मशीनवरचा रक्तदाब वहीत उतरवणे ही माझी कामे. आजवर एकही मेमो नाही. सोबतचे मला डुकरांचा मामा म्हणतात, त्याचीही तक्रार नाही.

१. क्र. १४ च्या हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला शस्त्रक्रियेने चीर दिली आहे. ती पुढे फाटत गेली की माणसांसाठी बनवलेली नळी आत बसवून पाहायची, असे ठरले होते. पण चीर काही फाटेना. ती फाटायला रक्तदाब चढावा लागतो, आणि औषधाने दाब चढवला तर डुकरे आधीच मरत. डॉक्टरसाहेब अगदी मेटाकुटीला आले होते.

२. दि. ९ रोजी मी वहीत लिहिले की मी जवळ असताना दाब ११० असतो, बाहेर गेलो की १७० होतो, तरी मला तिच्याजवळ बसू द्यावे. साहेबांनी शेवटची ओळ खोडली आणि माझी पाठ थोपटली. औषध घरातच होते आणि आपण बाजार धुंडाळत बसलो, असे म्हणाले. महोदय, मी माझ्या हाताने तिचा घात केला.

३. तेव्हापासून मी दिवसातून वीस वेळा आत जायचो, तिच्या कानामागे खाजवायचो आणि दाब उतरला की उठून बाहेर यायचो. मी दाराशी पोचेपर्यंत ती किंचाळू लागायची. दि. २४ रोजी चीर बोटभर पुढे सरकली तेव्हा सगळ्यांसाठी चहा आला. त्यात माझाही कप होता. मी प्यायलो.

४. आता ती शहाणी झाली आहे. मी नुसता आत आलेला दिसलो तरी दाब १८० होतो, कारण आलेला माणूस जाणार, हे तिला कळून चुकले आहे. साहेब म्हणाले, मग जायचे कशाला, बसूनच राहा. त्यावरून आपला आदेश निघाला आणि गेले चार दिवस मी नऊ ते पाच तिच्यासमोर बसतो. ती भिंतीकडे तोंड करून थरथरते. हात लावला तर जास्तच. घरी बायको म्हणते, बदली मागा आणि सुटा. पण मी सुटलो तरी ती कुठे सुटते?

प्रयोग संपल्यावर तिला मारू नये म्हणून मी यापूर्वी तीन अर्ज केले होते. ते तिन्ही रद्द समजावेत. तिला भूल देऊन संपवण्याची मंजुरी आजच्या आज द्यावी, ही हात जोडून विनंती. त्या वेळी मला मात्र बाहेर, तिला दिसणार नाही असे उभे करावे. मी नसलो म्हणजे ती घाबरणार नाही.

आपल्या हुकमातला,
(सही)
परिचर, खोली क्र. ३
दि. ३१

सोबत : वहीतील दि. ९ च्या पानाची प्रत, खोडलेल्या ओळीसह.