चार पायऱ्यांच्या वर

सर, आपल्या वाचनालयाच्या त्या चार पायऱ्यांशेजारी आता उतार बांधलाय. लोखंडी कठडासुद्धा आहे. तुम्ही असता तर खूश झाला असता की माझ्यावर रागावला असता, हेच कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

कुबड्या घेऊन मी नोकरीला आले, त्याच आठवड्यात तिसऱ्या पायरीवरून पडले होते. तुम्ही धावत आलात, मला उचललंत आणि सगळ्या वाचकांदेखत ओरडलात, "परत पायरी चढनी तर देख!" मग माझं टेबल कायमचं खालच्या पडवीत. पुस्तकांची कपाटं वर, मी खाली. मला काही वाचावंसं वाटलं की तुम्ही म्हणायचात, "तू बठ पोरी, मी लयी येस," आणि दुखऱ्या गुडघ्यांनी वर जाऊन तीन पुस्तकं घेऊन उतरायचात. त्यातलं एक मी निवडायची. तुम्ही गेलात, तुमची ग्रंथपालाची खुर्ची माझ्याकडे आली, वर शिपाई जाऊ लागला. माझी सवय तीच राहिली. इथल्या कितीतरी पुस्तकांचे दाखल क्रमांक माझ्या हातचे आहेत, पण ती कुठल्या कपाटात राहतात ते मी पाहिलेलं नाही. याला माया म्हणू की कोंडून ठेवणं? तुमचा राग येतो, आणि राग आला की माझी मलाच लाज वाटते. त्या गुडघ्यांनी तुम्ही किती वेळा चढलात!

परवा लोणखेड्याच्या कॉलेजातली एक मुलगी व्हीलचेअरवरून आली. या उतारासाठी कचेऱ्यांमध्ये कुबड्यांची रबरं झिजवली ती मीच, आणि माझ्याच तोंडून निघालं, "तू बस, मी मागवते." ती हसली. "ताई, काय जोयजे ते मालेच माहीत नही. देखसू, मंग सांगसू." आणि काय हवं ते स्वतःच बघायला गेली की वर! तासभर तिच्या चाकांचा आवाज कपाटांमधून फिरतोय, आणि मी खाली बसून ऐकतेय. उतरली तेव्हा मांडीवर विहिरी बांधण्यावरचं एक जाडजूड पुस्तक. ते आपल्याकडे आहे हे मला ठाऊक होतं. कुणाला हवंसं वाटेल असं कधी मनात आलं नाही. तुम्हीही ते मला आणलं नसतंत.

ही चिठ्ठी दाखल नोंदवहीत ठेवते, पोचवणार कुठे? सर, उतार होऊन दोन महिने झाले. मी अजून वर गेलेले नाही. लोकांना सांगते, कामातून सवड मिळत नाही. खरं म्हणजे तिथे माझ्यापुढे तीन पुस्तकं धरणारं कुणी नसेल, याची भीती वाटते.